मालकांची मागून बसणारी गाडी

लातूरला खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, भाडं परवडेल का तेही विचारलं नाही. दारातच मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "बासष्ट."

मी म्हटलं, "काय बासष्ट?"

"किलो. पर्स धरून."

शेजारी एजंट उभा, आत मालकीणबाई उभ्या, जिन्यावर धुणं वाळत घालणारी शेजारीण उभी. खरं तर मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण त्याआधीच्या सगळ्या घरमालकांनी 'एकट्याच राहणार का, कोण कोण येणार, किती वाजता येणार' असल्या चौकशा करून माझं डोकं उठवलं होतं. त्यापेक्षा वजन परवडलं, असं म्हणून मी डिपॉझिट दिलं. माझं वजन खरोखरच बासष्ट भरत होतं, त्याचा राग वेगळा.

मी तिथल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले होते. घर नांदेडला. शनिवारी दुपारी नांदेड गाठायचं आणि रविवारी परत यायचं, असा माझा क्रम. मालकांचं आयुष्य डाळमिलमध्ये गेलेलं. तुरीच्या पोत्याकडे नुसतं बघून ते वजन सांगायचे आणि काट्यावर टाकलं की तेवढंच भरायचं, अशी त्यांची मोंढ्याच्या धान्यबाजारात ख्याती होती म्हणे. पुढे मिल धाकट्या भावाने हातात घेतली आणि मालक घरी बसले. ते बसले, पण त्यांचा डोळा काही बसला नाही. समोर पोती राहिली नाहीत म्हणून त्यांनी माणसं धरली. गल्लीतल्या बायका त्यांना लांबून बघून रस्ता बदलायच्या. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, कुठेही त्यांचा आकडा तयार. एकदा गल्लीतले एक गृहस्थ वारले. जो तो गेलेल्या माणसाचे गुण सांगत होता. आमचे मालक तिरडीकडे बघून हळहळले, "आजारपणात लई उतरला हो. पंचावन्नच राहिला असल." त्यांचा हेतू चांगला होता, असं मालकीणबाई नंतर घरोघरी जाऊन सांगत होत्या.

आता गाडी. लातुरात माणसाकडे चार पैसे आले की तो उंच, पांढरी, आठ माणसं बसतील अशी गाडी घेतो आणि तिच्यात एकटा फिरतो. मालकांनी घेतली ती लाल, बुटकी, दोन दरवाज्यांची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. तरुणपणी डाळीचा माल पोचवायला ते हैदराबादला गेले होते, तिथे एका बंगल्याच्या पोर्चमध्ये ही उभी होती. ती त्यांच्या मनात बसली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, केस गेले, पण गाडी काही मनातून गेली नाही. शेवटी तो बंगला पाडायला काढलाय असं कळल्यावर मालक ट्रक घेऊन गेले आणि गाडी घेऊन आले. मालकीणबाई म्हणायच्या, "माझ्याआधीची हाय ती. मी काय बोलणार?"

गाडी दिसायला देखणी होती, यात शंका नाही. फक्त उभी असताना. मागे कुणी बसलं की तिचं नाक आभाळाकडे आणि बूड जमिनीला. मागचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, इतके नरम पडले होते की डिकीत दोन भाजीच्या पिशव्या ठेवल्या तरी सायलेन्सर स्पीडब्रेकरला घासायचा. मालकांना समोरचा रस्ता दिसायचा नाही म्हणून ते दोन उशा घेऊन बसायचे. मी एकदा म्हटलं, "मालक, गाडी चालवताय की पतंग उडवताय?" त्यांना राग आला नाही. म्हणाले, "पुढं वजन कमी पडून राहिलंय." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या बॉनेटखाली जुन्या जात्याची एक दगडी पेड तारेने बांधली. आता गाडी मागूनही बसायची आणि पुढूनही.

पण हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. प्रकरण पेटलं ते स्वातीच्या लग्नावरून. स्वाती त्यांची एकुलती एक मुलगी, बँकेत नोकरीला. सरळ, कमी बोलणारी आणि बापाच्या प्रत्येक उद्योगाने कानशिलं लाल होणारी. नांदेडचं स्थळ आलं. मुलाकडची माणसं बघायला आली, पसंती झाली, पोहे झाले. तेवढ्यात मालकांना वाटलं, व्याह्यांना आपली गाडी दाखवावी. मुलाच्या आईला म्हणाले, "चला विहीणबाई, देवळात जाऊन येऊ." त्या बिचाऱ्या भिडेखातर मागच्या सीटवर शिरल्या. ती सीट कशी, तर नावाला सीट. गुडघे हनुवटीला लावून बसायचं. बसताना मालकांनी आपली सवय सोडली नाही. "ब्याऐंशी," ते पुटपुटले आणि दार लावलं.

पुढच्या चौकातल्या स्पीडब्रेकरवर गाडी पोटावर टेकली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे. बाई आत. दार एवढं खाली आलं होतं की उघडता उघडेना. चहाच्या गाड्यावरची माणसं धावली आणि त्यांनी 'हं, घ्या' म्हणत विहीणबाईंसकट गाडी उचलून पलीकडे ठेवली. कुणीतरी व्हिडिओ काढलाच. संध्याकाळपर्यंत तो लातुरात फिरला, रात्रीच्या जेवणाला नांदेडला पोचला.

विहीणबाई मोठ्या मनाच्या. लग्न मोडलं नाही. पण त्यांच्याकडचे सगळे स्वातीला 'ती गाडीवाली' म्हणायला लागले. स्वाती माझ्या खोलीत येऊन बसली. नंतर खाली गेली आणि बापासमोर उभी राहिली. मी जिन्यात होते, मला ऐकू आलं, आणि ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"बाबा, पाठवणीला मांडवाच्या दारात ही गाडी दिसली तर मी एसटीनं जाईन."

मालक म्हणाले, "तुला मीच सोडणार हाय. ह्याच गाडीतनं. तुझ्या जन्मापासनं ठरवलंय."

"मला त्या घरात पहिल्या दिवशी हसं घेऊन जायचं न्हाई, बाबा. तिकडचे आता हसतात, मग आयुष्यभर हसतील."

मालक मग म्हणाले, "न्हाई घासली तर?"

"एकदाबी?"

"एकदाबी."

"मग बसते," स्वाती म्हणाली आणि आत निघून गेली.

झालं. त्या दिवसापासून घरात लग्नाची तयारी म्हणून जे काही चाललं, ते सगळं गाडीच्या मागच्या बाजूला. मालकीणबाई एकट्याच मंगल कार्यालय, आचारी, बस्ता बघत होत्या आणि मालक गाडीखाली आडवे पडलेले. त्यांनी पाट्यांच्या मधे टायरचे तुकडे घातले. ते भररस्त्यात एकेक करून बाहेर पडले. लाकडाचे ठोकळे घातले, ते फुटले. कुणीतरी सांगितलं म्हणून शॉकअप बदलले, तर गाडी पहिल्याइतकीच बसायला लागली, फक्त सावकाश. मी म्हटलं, "चला, निदान रुबाबात बसते."

शेवटी त्यांना नांदेडचा एक कमानपाटेवाला सापडला, ट्रकची कामं करणारा. सगळे त्याला भाई म्हणत. मालक आता दर शनिवारी गाडी घेऊन नांदेडला निघायला लागले, आणि मला फुकट लिफ्ट मिळायला लागली. फुकट म्हणजे काय, ते सांगते.

भाईने पहिल्याच दिवशी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डिकी उघडली. आत पाण्याचे भरलेले कॅन. लातुरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून मालक जिथे दिसेल तिथून पाणी भरून ठेवत. कॅनच्या मागे डाळीचं अर्धं पोतं, जात्याची दुसरी पेड, नारळ. भाई म्हणाला, "साहब, ये गाडी है के किराणा दुकान?" सगळं उतरवून घेतलं. तरी बूड वर यायला तयार नाही.

"दो पाटे डालने पडेंगे. टेम्पो के. लेकिन वजन बराबर बताओ. कितने लोग बैठेंगे?"

हा प्रश्न त्याने चुकीच्या माणसाला विचारला. वजन बरोबर सांगायला सांगणं म्हणजे मालकांसाठी साक्षात बोलावणं होतं. त्यांनी बोटांवर माणसं मोजली. पुढे ते स्वतः आणि जावई. मागे नवरी आणि नवरीची पाठराखीण. नवरीसोबत सासरी एक वडीलधारी बाई जाते, चार दिवस तिच्या सोबतीला राहते, ती पाठराखीण. ती मालकांची थोरली बहीण होणार होती, रेणापूरच्या आक्का. आक्कांचं वजन हा त्या घरातला जुना वाद. मालक एक्क्याण्णव म्हणायचे, आक्का पंच्याऐंशीच्या वर जायला तयार नव्हत्या.

भाई म्हणाला, "उतनी रेत की बोरी रख के देख लेते."

"पोतं चालणार न्हाई," मालक म्हणाले. "पोतं दचकत न्हाई. खड्डा आला की माणूस दचकतं, अंग चोरतं. ते पोत्याला येत न्हाई."

म्हणून दर शनिवारी रेणापूरहून आक्का हजर. स्वाती हजर. आणि पुढच्या सीटवर, जावयाच्या जागी, मी. जावई मालकांच्या अंदाजाने अठ्ठ्याहत्तर. मी बासष्ट. उरलेल्या सोळा किलोंसाठी माझ्या मांडीवर तूरडाळीच्या पिशव्या. मी एमएस्सी आहे, सेट पास आहे, आणि दोन महिने दर शनिवारी लातूर ते नांदेड मी दुसऱ्याचा जावई म्हणून मांडीवर डाळ घेऊन बसले. वाटेतला एकही स्पीडब्रेकर सोडायचा नाही. घासलं की मालक उतरून खाली वाकणार, आक्का मागून "आरं, मला उतरू तर दे" म्हणणार, आणि मालक म्हणणार, "तू उतरलीस तर मोजायचं काय?"

आक्का एकदा चिडून म्हणाल्या, "मला सोडून दुसरी पाठराखीण बघ की. बारीक अंगाची."

"आता न्हाई. पाटे तुझ्यावर बसवलेत."

आणि त्यात स्वातीने डाएट धरलं. लग्नाआधी सगळ्या मुली धरतात. गहू बंद, साखर बंद, संध्याकाळी काकडी. मालकांच्या लक्षात यायला किती वेळ लागणार. एका शनिवारी गाडीत बसताना त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि हबकले. "चार किलो उतरलीस?" जगातला कुठलाही बाप मुलीच्या काळजीने असं विचारतो. यांना काळजी होती ती मागचा भाग दोन बोटं वर उचलला जाईल याची. घरी येऊन त्यांनी डाएट बंद पाडलं. रोज सकाळी तिच्या ताटात तुपाची धार पडायला लागली. स्वाती रडकुंडीला आली, म्हणाली, ब्लाउज शिवायला दिलेत. शेवटी तोड निघाली की शालू, दागिने आणि डोक्यातली फुलं धरून अडीच किलो भरून निघतं, उरलेलं दीड तिने खाऊन भरावं. अशी तोड काढताना मालकांचा चेहरा एखादा मोठा सौदा जमवल्यासारखा झाला होता.

शेवटच्या शनिवारी गाडी लातूर ते नांदेड कुठेही न घासता गेली. सगळ्या बाजूंनी सपाट. मी उतरले, डाळ उतरवली, आणि खरं सांगते, मलाही जरा बरं वाटलं. भाई मात्र मान हलवत होता. "साहब, भरी है तो मखमल है. खाली चलाओगे तो कमर जाएगी. लगन के बाद ले आना, एक पाटा निकाल देता."

मालकांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते मागे उभं राहून बूड बघत होते.

लग्नाच्या दिवशी नवीन अडचण. भावकीतले म्हातारे पुढे आले. बाप कुठे पाठवणीला जातो का? पोरीचा बाप मांडवात थांबतो, पाणावलेल्या डोळ्यांनी निरोप देतो, ही रीत. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, गाडी मी चालवतो."

मालक त्याच्याकडे बघून म्हणाले, "तू सत्तर. मी त्र्याहत्तर. न्हाई जमायचं."

"आरं पण रीत—"

"मी बाप म्हणून चाललोच न्हाई. डायव्हर म्हणून चाललोय. डायव्हर जातो का न्हाई?"

मालकांनी फेटा काढून कार्यालयाच्या खुंटीला अडकवला आणि बोडक्या डोक्याने उशा काढून टाकलेल्या सीटवर जाऊन बसले. जावई शेजारी बसला. आक्का आणि स्वाती मागे शिरल्या. बायका रडत होत्या, मालकीणबाईंना दोघींनी धरलं होतं. मालक मागे वळून बघत नव्हते. पहिला गिअर टाकला आणि लाल गाडी, गुलाबाच्या माळांसकट, कार्यालयाच्या फाटकातल्या उंचवट्यावरून अलगद गेली.

मी वऱ्हाडाच्या बसमध्ये होते, कारण मला तसंही घरी जायचं होतं. बस मागे आणि गाडी पुढे, नांदेडपर्यंत. मी आयुष्यात इतके स्पीडब्रेकर श्वास धरून बघितले नाहीत. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. एकदाही नाही.

नांदेडला व्याह्यांच्या दारात माप ओलांडणं चाललं होतं तेव्हा मालक बाहेर, बाकीच्या ड्रायव्हरांसोबत लिंबाखाली. विहीणबाई स्वतः बोलवायला आल्या. ते म्हणाले, "डायव्हरला आत कामून बोलावता?" मग वरपक्षाने सगळ्या ड्रायव्हरांना टॉवेल-टोपी दिली, ती त्यांनी रांगेत उभं राहून घेतली. व्याही लाजेने अर्धमेले झाले. स्वाती हळदीच्या पावलांनी परत फाटकापर्यंत आली. तिला बापाला काहीतरी बोलायचं होतं आणि भोवती तीस माणसं होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, एकदाबी घासली न्हाई."

मालक म्हणाले, "हाव." आणि गाडीची काच पुसायला लागले.

रात्री ते एका नातेवाइकाकडे राहिले. सकाळी मला फोन. "मॅडम, कालेज हाय ना आज? चला." मी आपली गेले. मखमलीवर बसून जाऊ, असं माझं मन.

नांदेड सुटेपर्यंतच मला भाईचं म्हणणं पटलं. ती गाडी नव्हतीच. मागे चार माणसांचे टेम्पोचे पाटे आणि वर बसलेली दोन माणसं. बारीक खडा आला तरी मागचा भाग हवेत जायचा आणि दाणकन खाली यायचा. माझं डोकं छताला लागलं, मग खिडकीला, मग परत छताला. माझी जीभ चावली गेली. मी म्हटलं, "मालक, लग्न तुमच्या मुलीचं झालं, वरात माझी काढताय का?" मी अजून दोन-तीन बोलले. मालक आपले दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, समोर बघत, उसळत चालले होते.

लोह्याच्या पुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली. "मॅडम, मागं बसता का जरा? तेवढंच वजन पडल."

मी गुडघे दुमडून मागे शिरले. सीटवर अक्षता होत्या, गजऱ्यातली चुरगळलेली फुलं होती. ती हाताने बाजूला सारली आणि बसले. गाडी निघाली. खरंच फरक पडला. उसळी बरीच कमी झाली. मी म्हणणारही होते की चला, सापडली जागा.

मालकांनी आरशात बघितलं. थोड्या वेळाने परत बघितलं. मग आरसा हाताने वर ढकलला. मग परत खाली ओढला. आणि एका उसाच्या फडाशेजारी गाडी थांबवली.

"मॅडम, पुढंच या तुम्ही."

"का? आता तर बरी चाललीय."

"बरीच चाललीय." ते मागे वळले नाहीत. "आरशात मागं कुणी दिसलं की वाटायलंय, अजून सोडायची हाय तिला."

मालक रडत होते. आवाज नाही, काही नाही, नुसतं शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होते आणि ते परत ओलं होत होतं. मी मागून उतरले, पुढे येऊन बसले आणि दार लावून घेतलं. त्यांनी गिअर टाकला. पहिल्याच खड्ड्यात आम्ही दोघं सीटवरून उडालो. मी डॅशबोर्डला हात टेकवला आणि गाडी लातूरच्या दिशेने उसळत चालली.